जुईची परीक्षा आणि तुझा हेवा

ताई,

दहाव्याला तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला, याचा मला राग आला.

गुरुजी बाजूला सरले, दाजींनी हात जोडले, आणि आम्ही सगळे चार पावलं मागे होतोय तोवर तो आला, भातात चोच घातली आणि उडून गेला. बायका म्हणाल्या, "कमलताई समाधानानं गेली बरं का. काही मागं ठेवलं नाय तिनं." दाजी तोंडाला उपरणं लावून रडले. सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही.

मी तिथे एक वाक्य तयार करून उभी होते. कावळा अडून बसला की घरातली माणसं एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्याला शब्द देतात, हे आपण लहानपणापासून बघितलेलं. आपल्या आजोबांच्या वेळी तर दुपार झाली होती. मी धरून चालले होते की तुझ्याही वेळी तसंच होईल, मग शेवटी कुणीतरी म्हणेल, "मनीषाला पुढं येऊ द्या, धाकटी बहीण हाय," आणि मी पुढे जाऊन म्हणेन, "ताई, मी तुझ्याशी भांडले ते जुईच्या परीक्षेवरून नव्हतं." एवढंच. पण तुला कुणाकडून काहीच नको होतं. माझ्याकडूनही नको होतं. तुझा जीव माझ्यात जरा तरी अडकला असेल असं मला वाटलं होतं.

म्हणून आता लिहितेय. माझं बोलणं नेहमीच उशिरा येतं, तुला सवय आहे.

जूनमध्ये माझ्या जुईने नववीला चित्रकला सोडून नाट्य हा विषय घेतला, तेव्हा मला किती आनंद झाला होता ते तुला मी फोनवर सांगितलं होतं. काय सांगितलं नव्हतं, ते हे की त्या संध्याकाळी मी कपाटातून माझं प्रमाणपत्र काढून पुसलं. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेचं, अभिनयाचं, उत्तेजनार्थ. वडिलांनी फ्रेम करून आणलेलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी ह्याचा काहीतरी उपयोग होणार. बँकेच्या काउंटरवर बसून बसून मी विसरलेच होते की मला एक गोष्ट येते, जी तुला येत नाही.

तेव्हा मी खरंच तसं समजत होते.

दिवाळीपर्यंत मी जुईची तयारी घेतली. ताठ उभं राहा, श्वास पोटातून घे, शेवटचा शब्द खाऊ नकोस. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून मी तिला रोज अर्धा तास उभी करायचे. पोर गुणी. सांगितलेलं सगळं करायची. आणि सगळं मेलेलं असायचं. शाळेतल्या नाट्याच्या मॅडमनी तिच्या सहामाहीच्या कागदावर लिहिलं, "उच्चार उत्तम. माणूस दिसत नाही." मी तो शेरा तीनदा वाचला. तो जुईला नव्हता, मला होता.

वार्षिक परीक्षेचे दोन भाग होते. लेखी पेपर अभिनयाच्या साधनांवर, म्हणजे आवाज, विराम, हालचाल वगैरे. आणि प्रात्यक्षिक पात्ररचनेवर. खऱ्या आयुष्यातलं एक माणूस निवडायचं, दोन-तीन महिने त्याचं निरीक्षण करायचं, एका वहीत सगळं लिहायचं, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं ते माणूस होऊन दाखवायचं. मॅडमची एक अट होती. ज्याला निवडलंय त्याला कळता कामा नये. "कळलं की तो माणूस तुमच्यासमोर अभिनय करायला लागतो," असं त्यांनी वर्गात सांगितलं होतं. त्यामुळे जुई वही कुणाला दाखवायची नाही. मलाही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पिंपळगावला आलो. तुमचं द्राक्षांचं पॅकहाउस अजून सुरू झालं नव्हतं, शेडमध्ये प्लास्टिकचे क्रेट धुऊन रचून ठेवले होते. तू सुपरवायझर, किल्ली तुझ्याकडे. जुईने तुला सहज विचारलं, "मावशी, रिकामा क्रेट भरलेला आहे असं कसं दाखवायचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर तू उठून तिला शेडमध्ये घेऊन गेलीस. दुसऱ्या एका क्रेटमध्ये वजनाला विटा टाकल्यास आणि म्हणालीस, "उचल."

तिने उचलला. चार पावलं गेली, ठेवला.

"आता सांग, आधी काय दुखलं?"

"बोटं."

"मंग? तू तर मघाशी रिकामा उचलताना तोंड वाकडं करत होती. तोंडाला कुठं काय उचलायचं होतं?"

जुई हसत सुटली. मग तिने रिकामा क्रेट उचलला, आणि ताई, तो भरलेला होता. मी दारात उभी होते. मला दिसलं की तिची बोटं पांढरी झालीयेत. पाच महिन्यांत मला जे जमलं नाही ते तू विटांनी पाच मिनिटांत केलंस.

मग तू तिला तुझ्या हाताखालच्या बायका करून दाखवल्यास. कामाला बसताना केसांवर टोपी घालायची, ती घालताना आधी कुंकू सांभाळणारी हिराबाई. मुकादम आला की हात न थांबवता गप्पा थांबवणारी ती पेठकडची तरुण पोरगी, जिचं नाव तुला कधी नीट घेता आलं नाही म्हणून तू तिला नुसतं 'बाय' म्हणायचीस. तू त्यांची टिंगल करत नव्हतीस. तू मान जराशी वळवायचीस आणि ती बाई तिथे यायची. जुई तुझ्यासमोर मांडी घालून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते माझ्या हॉलमध्ये मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी आत जाऊन घासलेली भांडी परत घासायला घेतली.

तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून? एवढीशी नव्हती ती. शाळेचं गॅदरिंग आठव. मी सातवीत, तू दहावीत. नाटकातल्या आंधळ्या मुलीचं काम मला मिळालं होतं आणि महिनाभर मी घरात डोळे मिटून, हात पुढे करून, दारांना धडकत फिरत होते. तू हातात वही धरून मला वाक्यं सांगायचीस, म्हणून तुला सगळी पाठ. ऐन दिवशी मला ताप भरला, उभं राहवेना. बाईंनी तुला विचारलं, तू हो म्हणालीस. मला घोंगडीत गुंडाळून विंगेत बसवलं होतं. तू हात पुढे केलेच नाहीस. जो बोलेल त्याच्याकडे फक्त कान वळवायचीस. बस. मांडवात इतकी शांतता झाली की बाहेर हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. नाटक संपल्यावर हेडमास्तर माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून बाईंना म्हणाले, "हिला आधीच का नाही घेतलं?"

ते वाक्य घेऊन मी कॉलेजात गेले. एकांकिकांमध्ये काम केलं ते त्या वाक्याला उत्तर म्हणून. आणि तू? तू पुन्हा कधी स्टेजवर गेलीसुद्धा नाहीस. तुला त्याचं काही पडलंच नव्हतं. माझ्याकडे जे एकच होतं ते तू एका संध्याकाळी येता जाता करून टाकलंस आणि नंतर विसरून गेलीस. माणसाने हेवा करायचा तरी किती.

दिवाळीनंतर जुई दर शनिवारी एसटीने तुझ्याकडे यायला लागली. मला खात्रीच पटली की तिने पात्र म्हणून तुला निवडलंय. कुणी निवडणार नाही? मी तर निवडलंच असतं. रविवारी रात्री परत आली की ती वही उराशी धरून खोलीत जायची. जेवताना तुझ्यासारखं बोलायची. "लय भूक लागलीय." "नाय जमत." तिच्या बाबाला, संदीपला, मजा वाटायची. मला प्रत्येक 'लय' टोचायचा.

जानेवारीत मी तुला फोन केला. ते भांडण मला शब्दन् शब्द पाठ आहे, तुलाही असेल.

मी म्हणाले, "ताई, तिची परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येतात. तू तिची भाषा बिघडवतेयस."

"मी कुठं बिघडवती? ती आपली आपण बोलती."

"तिला अभिनय शिकायचाय. नकला नाही."

तुझ्या मागे बायकांचा आवाज येत होता, सीझन सुरू झाला होता. मग म्हणालीस, "मने, तुला कशाचा राग हाय ते एकदा सांगून टाक."

"मला कसलाही राग नाही. मी तिच्या मार्कांचं बोलतेय ना."

"बरं."

"या शनिवारपासून ती येणार नाही. अभ्यास आहे."

"बरं," तू परत म्हणालीस. पुढे तू काहीतरी बोलायला लागली होतीस. मी फोन ठेवला.

जुई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मनाशी म्हटलं, बोलेल. परीक्षा झाली की कळेल तिला.

त्यानंतर एका बुधवारी तू बँकेत आलीस. सकाळची साडेअकराची वेळ, काउंटरसमोर ही गर्दी. तू द्राक्षांची पेटी मांडीवर घेऊन ग्राहकांच्या बाकावर बसलीस, निळी साडी, पायात पॅकहाउसमधल्याच चपला. मी काचेतून हाताने 'थांब' म्हणून खूण केली. तू मान हलवलीस. मी उठू शकले असते. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला सांगून पाच मिनिटं बाहेर येता आलं असतं, रोजच कुणी ना कुणी येतं. मी आले नाही. मला वाटलं, बसू दे जरा. थोडा वेळ तूही वाट बघ. मध्ये मध्ये मी बघत होते, तू माझ्याकडेच बघत होतीस, आणि ते मला बरं वाटत होतं. हे तुला आता सांगायला मला लाज वाटते, पण खरं आहे. बरं वाटत होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी मान वर केली तर बाक रिकामा. पेटी वॉचमनकडे ठेवलेली. तो म्हणाला, "त्या बाई म्हणाल्या, काम चाललंय तिचं, हाक मारू नका."

आठवड्याने, दुपारी चारला, दाजींचा फोन. पॅकहाउसमध्ये टेबलापाशी उभी होतीस, डोकं दुखतंय म्हणालीस, पाणी मागितलंस, खाली बसलीस. नाशिकला आणता आणता ओझरच्या आसपास संपलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते, गाडी आली तेव्हा. बाकीचं तुला सांगायची गरज नाही. तुझ्या हाताला तेव्हाही द्राक्षाच्या देठाचा हिरवा वास होता.

जुईने परीक्षा देणार नाही म्हणून सांगितलं. मॅडम भल्या, त्यांनी तिचं प्रात्यक्षिक शेवटच्या गटात ढकललं. दहावा झाला, तेरावा झाला. तेराव्यानंतर दोन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि वही माझ्यापुढे ठेवली.

"मावशी नाही आता," ती म्हणाली. "कुणालातरी दाखवावीच लागेल. पण तू चिडायचं नाही."

पहिल्या पानावर लिहिलं होतं: निवडलेली व्यक्ती, आई. माहिती देणारी व्यक्ती, मावशी.

ताई, मी ते पान किती वेळ धरून बसले मला माहीत नाही. सगळे शनिवार ती तुझ्याकडे येत होती ते माझ्याबद्दल विचारायला. माझ्या घरात राहून तिला मी दिसत नव्हते, म्हणून ती एसटीने पिंपळगावला जात होती. आणि तू, मी फोनवर इतकं बोलले तरी, एका शब्दाने सांगितलं नाहीस. पोरीची अट मोडायची नाही म्हणून.

वही मॅडमनी दिलेल्या प्रश्नांवर होती. अक्षर जुईचं, बोलणं तुझं. 'आवाज कधी बदलतो?' खाली लिहिलं होतं: आई खोटं बोलते तेव्हा वाक्याच्या शेवटी 'ना' लावते. 'हात काय करतात?' खाली: राग आला की भांडी घासते, घासलेलीसुद्धा. मावशी म्हणते लहानपणी वाळू घेऊन तांब्या घासायची, त्याला पार चंद्र करून ठेवायची. 'कशाला घाबरते?' खाली: मावशी म्हणाली हे तू शोध, मी सांगितलं तर चहाडी होईल.

मग एका पानावर बुधवारची तारीख होती. 'कामाच्या ठिकाणी.' जुईला शाळेच्या वेळात बँकेत येता येत नव्हतं, म्हणून तिने तुला फोनवर सांगितलं होतं की मावशी, तू जाऊन बघून ये. आणि तू जे बघितलंस ते असं: चष्मा कपाळावर ठेवती आणि मंग शोधती. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना उभी राहती. गिऱ्हाईक गेलं की हसू लगेच पुसत नाय, थोडं ठेवती, पुढच्याला देती.

तू त्या दिवशी समेट करायला आली होतीस असं मी तीन आठवडे धरून बसले होते. म्हणूनच माझा जीव जळत होता. आता कळतंय की तू निरीक्षण करायला आली होतीस. की दोन्हीला? पेटी कशासाठी आणलीस मग? हे मी कुणाला विचारू?

गॅदरिंगचंही होतं त्यात. मला वाटलं होतं तू विसरलीस. लिहिलं होतं: मनीला विंगेत बसवलं होतं, अंगात ताप. नाटक संपलं तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या आधी तिनं सुरू केल्या. माझ्या हातून नसतं झालं.

मला आठवत नाही, ताई. मला हेडमास्तर आठवतात, घोंगडीचा खरखरीतपणा आठवतो, त्यांच्या बुटांना लागलेली माती आठवते. टाळ्या आठवत नाहीत. मी खरंच वाजवल्या होत्या? की जुईला आई जरा बरी दिसावी म्हणून तू आपल्या मनचं घातलंस? खोटं बोलताना तू शेवटी काय लावायचीस हे मला माहीत नाही. तीस-पस्तीस वर्षं तुझ्यावर डोळा ठेवून मी तेवढंही बघितलं नाही.

पुढचा आठवडा आम्ही तयारी केली. मी जुईला 'मी' शिकवत होते. जुई हॉलमध्ये खुर्चीवर बसायची, समोर काच आहे असं धरून, आणि मी सोफ्यावर. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मी असा खांदा पाडून नाही बसत."

"बसतेस."

"मी एवढी खडूस आहे?"

"मी आधी अजून खडूस केली होती," जुई म्हणाली. "मावशीने करू दिली नाही. म्हणाली, तू तिच्यावरचा राग काढती, ती कुठं दिसती ह्याच्यात? ती हसती कधी ते शोध आधी."

जुईच्या पाच मिनिटांत शेवटी काउंटरवरच्या त्या बाईचा फोन वाजतो. पडद्यावर बहिणीचं नाव. ती बाई नाव बघते, चष्मा डोळ्यांवर ओढते, परत नाव बघते, आणि फोन उलटा ठेवते. मग ठेवलेल्या फोनवर तिचा हात तसाच राहतो. बोटं पांढरी होईपर्यंत.

"हात काढून घे," मी म्हणाले. "मी हात नाही ठेवत."

"आई, ठेवतेस," जुई म्हणाली. मग हात तसाच ठेवून म्हणाली, "तू बघत नसतेस तेव्हा तुझा हात."

त्यावर मी काही शिकवलं नाही.

परीक्षेला पालकांना आत घेत नव्हते. मी शाळेच्या व्हरांड्यात नोटीस बोर्डासमोर उभी राहून तीच सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते. दार बंद. आत पाच मिनिटं मी होते आणि मला बघायची परवानगी नव्हती. तू असतीस तर तुलाही नसती, हा एक विचार आला, आणि खरं सांगते, त्यानेही बरं वाटलं.

जुई बाहेर आली ती पाणी पीत. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"परीक्षकांनी शेवटी एक प्रश्न विचारला. या बाईला हवंय काय?"

वहीतला तो प्रश्न रिकामा होता, हे मला माहीत होतं. तूही तिथे काही सांगितलं नव्हतंस.

"मग?"

"मी म्हटलं, तिला वाटतं कुणीतरी तिला हाक मारावी. दुसऱ्या कुणाला मारायच्या आधी."

मी तिच्या हातातली बाटली घेतली, उगाच झाकण घट्ट केलं. पण ताई, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? हे तुझं नव्हतं. हे तू तिला सांगितलेलं नव्हतंस. हे तिचं तिने बघितलं होतं, माझ्या घरात, माझ्याकडे बघून. तुला जाऊन महिना झाला नव्हता आणि मी शाळेच्या व्हरांड्यात तुझ्याविरुद्ध एक गुण जिंकल्यासारखी उभी होते. मग मला हे कळलं की तुझ्या विटांशिवाय ते तिला दिसलंच नसतं, आणि मग मात्र मला त्या नोटीस बोर्डाकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

तिचा दुसरा नंबर आला. पहिला एका मुलाचा, त्याने त्यांच्या सोसायटीचा माळी केला होता. जुई खूश आहे. मी त्या माळ्याचाही हेवा केला.

नंतर मी एक नवी वही आणली. तेच प्रश्न लिहिले. वर लिहिलं, निवडलेली व्यक्ती: ताई. चालते कशी, लिहिलं. हात काय करतात, लिहिलं. पुढच्या प्रश्नांना अडले. कशाला घाबरते? काय हवंय? मला तुझं काहीच माहीत नाही. मी आयुष्यभर तुला काय मिळालं तेवढंच बघत आले.

म्हणून परवाच्या रविवारी एकटीच पिंपळगावला गेले, आणि घरी न जाता आधी पॅकहाउसमध्ये. सीझनचे शेवटचे दिवस, तरी टेबलं भरलेली. हिराबाईने मला ओळखलं. मी सरळच विचारलं, "ताई माझ्याबद्दल काही बोलायची का?"

"तुमचाच लय हेवा होता तिला," हिराबाई म्हणाली.

मला वाटलं ती मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. मी म्हटलं, "माझा? कशाचा?"

"म्हणायची, घरात सगळ्यांना मीच हवी. पाणी आण, पोराला घे, चुलीकडं बघ. आन् मनी अभ्यासाला बसली की आई सगळ्यांना सांगायची, तिला हाक मारू नका. म्हणायची, मलाबी एकदा दार लावून बसायचं होतं, कुणी हाक न मारता."

पेठकडची ती पोरगी मान खाली घालून हसली. म्हणाली, "आम्ही पण दिवसभर तिलाच हाका मारायचो."

तू तिकडे माझ्या बंद दाराचा हेवा करत होतीस आणि मी दाराच्या आत तुझ्या नावाच्या हाका मोजत होते. हे आपण एकमेकींना एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित त्यावरूनही भांडलो असतो. पण मला ते भांडण हवं होतं. आणि मला अजूनही तुझा हेवा वाटतो, ताई, ह्याच बायकांवरून. तुझं हे एवढंसं त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं.

हिराबाईने मला टोपी दिली आणि कात्री दिली. "बसा की. बोलता बोलता हात चालू द्या." मी तुझ्या टेबलाशी, तुझ्या जागेवर बसले. तिने द्राक्षाचा एक घड हातात दिला, कापून टाकायचा फुटका मणी कुठला, बारीक कुठला, ते दाखवलं. मी कात्री घातली. फुटक्याच्या शेजारचे चार चांगले टपोरे मणी खाली पडले आणि टेबलावरून घरंगळत गेले.

सगळ्यांचे हात थांबले. "कमलताई असती तर आता ओरडली असती," कुणीतरी म्हणालं.

मी कात्री तशीच धरून, मान खाली घालून थांबले. कुणीच ओरडलं नाही.